कृमी, संप्रेरके आणि मधुमेह

या विद्यालयाच्या स्मृतिव्याख्यानमालेच्या पुस्तिकेत मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने पोटातील कृमींवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटण्याचा संभव आहे. वैद्यकाची पदवी माझ्याजवळ नाही. आयुष्य भाषा आणि साहित्य शिकवण्यात गेले. तथापि ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांचा एक आग्रह मला शिरोधार्य वाटतो. शास्त्रातील विचार मायबोलीत सुबोधपणे मांडता येत नसेल, तर तो मांडणाऱ्याला पुरता उमगलेलाच नाही, असे ते मानीत. त्या आग्रहाला स्मरून, गेली काही वर्षे मी जिज्ञासेने वाचत आलो आहे असा एक विषय वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या समाजात दोन व्याधी शेजारी शेजारी नांदत आहेत. पहिली पुरातन, दारिद्र्याची आणि अस्वच्छतेची सोबतीण मानली जाणारी, म्हणजे कृमींचा उपद्रव. दुसरी आजच्या राहणीची म्हणून ओळखली जाणारी, म्हणजे मधुमेह. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे. आपल्या गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक! हा आकडा वाचून ज्याच्या घरातील एखादा चेहरा डोळ्यांपुढे येणार नाही, असा गोमंतकीय विरळाच.

या दोन व्याधींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु गेल्या पंचवीसएक वर्षांत शास्त्रज्ञांना असे दिसू लागले आहे की, ज्यांच्या शरीरात विशिष्ट कृमींचे वास्तव्य असते, त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण पुष्कळदा कमी असते. यातून एक प्रश्न निर्माण होतो, आणि तो केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही. शाळेत मुलांना दिल्या जाणाऱ्या जंताच्या गोळीपर्यंत तो येऊन पोहोचतो. म्हणून हा संबंध नेमका काय आहे, कितपत सिद्ध झाला आहे आणि त्यातून आपण काय घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

शब्दांपासून प्रारंभ

भाषेच्या अभ्यासकाने शब्दांपासून आरंभ करणे स्वाभाविक होय. 'जंत' हा आपला घरगुती शब्द संस्कृत 'जंतु' या शब्दापासून आलेला आहे. आज मात्र आपण 'जंतू' म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारा जीव आणि 'जंत' म्हणजे पोटातील, डोळ्यांना दिसणारा कृमी असा भेद करतो. हा भेद पुढील विवेचनात फार महत्त्वाचा ठरणार आहे. दुसरा शब्द 'परसाकडे'. शौचास जाण्याला आपल्या भाषेने हा शब्द दिला, कारण माणसे खरोखरच घरामागच्या परसात जात. त्या एका शब्दात कृमींचा सारा जीवनक्रम साठवलेला आहे. विष्ठेतून अंडी मातीत जातात. जंताची अंडी मातीने माखलेल्या हातांवाटे किंवा न धुतलेल्या भाजीवाटे पोटात परततात. आणि अंकुशकृमीच्या अळ्या तर ओलसर, सावलीच्या जमिनीत वाढून अनवाणी पायाच्या त्वचेतूनच शरीरात शिरतात. आपल्या कुळागरांसारखी दमट, छायादार माती त्यांना मानवते.

तिसरा शब्द 'संप्रेरक'. १९०२ मध्ये लंडन येथे बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शरीरशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, लहान आतड्यातून एक रासायनिक द्रव्य रक्तात मिसळते आणि दूरच्या स्वादुपिंडाला पाचकरस सोडावयास लावते. अशा द्रव्यांसाठी स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये 'हॉर्मोन' हा शब्द योजिला. ग्रीक भाषेत त्याच्या मुळाशी 'चालना देणे' असा अर्थ आहे. मराठीने त्यासाठी घडवलेला 'संप्रेरक' हा शब्द तो अर्थ नेमका पकडतो. शरीराच्या एका भागाने दुसऱ्या भागास धाडलेला हा जणू खलिताच. भूक लागली, पोट भरले, साखर साठवा, हाडे वाढवा, असे निरोप या खलित्यांतून जात असतात. खाल्लेल्या अन्नाचे शक्तीत आणि शरीरद्रव्यात रूपांतर होण्याच्या या सगळ्या व्यवहाराला आपण चयापचय म्हणतो.

आणखी एक नोंद करण्याजोगी आहे. चरकसंहितेत कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि प्रमेहाचेही वीसच. संख्येचे हे साम्य योगायोगाचे असेल; पण दोन्ही व्याधी आपल्या पूर्वजांच्या नित्य परिचयाच्या होत्या, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

कृमी काय नेतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मातीतून पसरणाऱ्या कृमींची बाधा जगातील सुमारे दीडशे कोटी लोकांना आहे. त्यांतील प्रमुख तीन: जंत, अंकुशकृमी आणि चाबकाच्या आकाराचा एक कृमी. जंताची मादी वीतभर ते दीड वीत लांब वाढते आणि दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालू शकते. अंकुशकृमी जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा; परंतु तो आतड्याच्या आवरणाला चिकटून रक्त पितो. त्याच्या दोन जातींपैकी अधिक रक्तपिपासू जातीचा एक कृमी दिवसाला ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. हा आकडा क्षुल्लक वाटेल; पण असे शंभर कृमी असतील तर रोज तीन-चार चहाचे चमचे रक्त जाते. वाढत्या मुलीच्या किंवा गरोदर स्त्रीच्या देहात लोहाचा साठा किती असतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या चमच्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

अंकुशकृमीने पंडुरोग होतो हे सर्वश्रुत आहे. त्याचा मधुमेहाच्या तपासणीशीही एक अनपेक्षित संबंध येतो. मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी जी रक्ततपासणी आज सर्वत्र केली जाते, ती रक्तकणांतील हिमोग्लोबिनवर अवलंबून असते. लोहाच्या कमतरतेमुळे पंडुरोग झाला असेल, तर या तपासणीचा आकडा प्रत्यक्षाहून अधिक दिसू शकतो. तेव्हा रक्त कमी असलेल्या माणसाच्या बाबतीत केवळ त्या एका आकड्यावर विसंबू नये, हे ध्यानात ठेवणे हिताचे.

कृमी वाढीच्या संप्रेरकांनाही धक्का पोहोचवतात. चाबकाच्या आकाराच्या कृमींची तीव्र बाधा झालेल्या मुलांचा अभ्यास जमैका येथे झाला. आतड्याला सतत सूज राहिल्यामुळे त्या मुलांच्या रक्तात वाढीला आवश्यक असे इन्शुलिनसदृश वाढद्रव्य कमी झालेले आढळले. मुले खुंटलेली होती आणि उपचारानंतर ती झपाट्याने वाढू लागली. मूल 'अंगी लागत नाही' असे आपल्या घरांतून म्हटले जाते, त्याचे एक शास्त्रीय कारण असे आहे.

आग आणि पहारेकरी

आता मधुमेहाकडे वळू. प्रौढपणी होणाऱ्या, ज्याला दुसऱ्या प्रकारचा म्हणतात त्या मधुमेहात आरंभी इन्शुलिनची उणीव नसते. खलिता निघतो, दारापर्यंत पोहोचतोही; परंतु आतील पेशी तो ऐकेनाशी होते. याला इन्शुलिनचा अवरोध म्हणतात. तो का निर्माण होतो? १९९३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, लठ्ठ उंदरांच्या मेदात 'टीएनएफ' नावाचे दाहकारक प्रथिन निर्माण होत असते आणि ते इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणते. पुढे असे स्पष्ट झाले की, मेद म्हणजे केवळ चरबीची कोठी नव्हे. शरीराच्या संरक्षणदलातील भक्षकपेशी तेथे पहारा देत असतात. मेद अतोनात वाढला की हे पहारेकरी चिडतात, आग पेटवतात आणि त्या धुरात इन्शुलिनचा निरोप कोणाला नीट वाचता येत नाही.

शरीराच्या संरक्षणाच्या, स्थूलमानाने सांगावयाचे तर, दोन तऱ्हा आहेत. जंतू शिरला तर भक्षकपेशी त्याला गिळतात आणि जाळतात. ही आगीची तऱ्हा. पण वीतभर लांबीचा जंत कोणती पेशी गिळणार? त्याच्यापुढे शरीराला दुसरी तऱ्हा स्वीकारावी लागते: श्लेष्मा वाढवणे, आतड्याची हालचाल वाढवून पाहुण्याला बाहेर लोटणे, झालेल्या जखमा बुजवणे. या तऱ्हेत इओसिनोफिल नावाच्या श्वेतपेशी पुढे येतात. रक्ततपासणीच्या कागदावर हे नाव आपण पुष्कळांनी वाचलेले असते. त्यांच्या सान्निध्यात भक्षकपेशींचाही स्वभाव पालटतो. त्या जाळपोळ सोडून डागडुजीकडे वळतात. म्हणूनच 'जंतू' आणि 'जंत' यांतील भेद महत्त्वाचा, असे मी आरंभी म्हटले.

याच ठिकाणी कृमी आणि मधुमेह यांची गाठ पडते. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील शास्त्रज्ञांनी स्निग्ध आहारावर वाढवलेल्या उंदरांना उंदरांतच आढळणाऱ्या एका कृमीची बाधा करविली. त्यांच्या मेदात इओसिनोफिल वाढले, भक्षकपेशी शांत झाल्या आणि रक्तातील साखर अधिक चांगल्या रीतीने आटोक्यात राहू लागली. तो कृमी शरीरातून निघून गेल्यावरही हा परिणाम काही काळ टिकून होता. तत्पूर्वी, १९९९ मध्ये, केंब्रिज येथील ॲन कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या प्रकारच्या मधुमेहाविषयी असाच निष्कर्ष मांडला होता. हा मधुमेह शरीराचे संरक्षणदल स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटल्यामुळे होतो. ज्या उंदरांना तो जन्मतः होण्याचा संभव असतो, त्यांना शिस्टोसोमा या रक्तकृमीची बाधा झाली असता तो टळला.

या शिस्टोसोमाचा आपल्या मुलखाशीही थोडासा संबंध आहे. १८५१ मध्ये थिओडोर बिल्हार्झ यांनी कैरो येथे तो शोधला. आफ्रिकेत तो कोट्यवधी लोकांना पछाडतो. भारतात मात्र तो नाही असाच समज होता. १९५२ मध्ये डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी त्याचे एक केंद्र असल्याचे दाखवून दिले. कोकणातील एका लहानशा गावाचे नाव त्यामुळे जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले. हा कृमी साखरेचा मोठा भोक्ता आहे. आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे एकपंचमांश इतकी साखर तो एका तासात फस्त करतो, असे अर्नेस्ट ब्यूडिंग यांनी १९५० मध्ये मोजून दाखवले. इन्शुलिनचा निरोप ओळखणारी ग्राहके त्याच्याही अंगावर असतात. म्हणजे आपल्या शरीरातील खलिते हा पाहुणा स्वतःही वाचत असतो!

कृमी हे सारे परोपकारबुद्धीने करतो, असे मात्र कोणी समजू नये. यजमानाच्या देहात आग पेटली तर तीत त्याचाही नाश आहे. म्हणून तो आग विझवणारी द्रव्ये स्रवतो. माणसाचे आणि त्याचे साहचर्यही फार जुने आहे. मार्क आर्मंड रफर यांनी १९१० मध्ये इजिप्तमधील सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडांत शिस्टोसोमाची अंडी शोधून काढली होती. इतक्या दीर्घ सहवासात दोघांचीही शरीरे परस्परांना ओळखून राहण्यास शिकली असली, तर त्यात आश्चर्य नाही.

बनावट खलिते

कृमींचा संप्रेरकांशी असलेला संबंध साखरेपुरताच मर्यादित नाही. काही कृमी यजमानाच्या भुकेचे निरोप बदलतात. उंदरांना आतड्यातील एका गोलकृमीची बाधा झाली असता पोट भरल्याची जाणीव देणारे कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक वाढते आणि उंदीर अन्न टाकतात, असे प्रयोगांत आढळले आहे. जंत झालेले मूल कधी अन्नाला तोंड लावीत नाही, या आपल्या अनुभवाकडे पाहण्याची एक दिशा त्यातून मिळते.

काही कृमी तर निरोप बनावट तयार करतात. अमेरिकेत जस्टस म्यूलर यांना एका पट्टकृमीच्या अळ्यांमुळे उंदीर असाधारण वेगाने वाढतात आणि लठ्ठ होतात असे दिसून आले. पुढील संशोधनातून समजले की, या अळ्या एक प्रथिन स्रवतात. त्याची घडण वाढीच्या संप्रेरकासारखी मुळीच नाही. तरीही त्या संप्रेरकाच्या कुलपात ही परकी किल्ली बरोबर बसते. मेक्सिकोतील संशोधकांनी दुसऱ्या एका पट्टकृमीच्या अळ्यांची बाधा नर उंदरांना करून पाहिली. त्यांच्या रक्तातील स्त्रीसंप्रेरक एस्ट्रॅडिओल सुमारे दोनशे पटींनी वाढले आणि पुरुषसंप्रेरक टेस्टोस्टेरॉन जवळजवळ एकदशांशावर आले. नरांचे नरपणच मावळले.

माणसांतही याच्या खुणा आढळतात. बोलिव्हियाच्या अरण्यप्रदेशात त्सिमाने नावाचा आदिवासी समाज आहे. तेथील ९८६ स्त्रियांच्या नऊ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जंतांची बाधा होती त्यांना पहिले मूल लवकर झाले आणि दोन बाळंतपणांतील अंतर कमी राहिले. अंकुशकृमी असलेल्यांत नेमके उलट घडले. गर्भ हा मातेच्या देहाला अर्धा परकाच असतो आणि त्याला सामावून घेण्यासाठी संरक्षणदलाला नमते घ्यावे लागते. जंत त्या दलाला ज्या बाजूला झुकवतात ती बाजू गर्भधारणेस अनुकूल असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. एकाच पोटातील दोन कृमींचे परिणाम परस्परविरुद्ध असू शकतात, हा यातील महत्त्वाचा बोध होय. 'कृमींमुळे असे होते' हे विधान, कोणत्या कृमीमुळे, हे सांगितल्यावाचून अपुरेच राहते.

माणसांविषयीचा पुरावा

उंदरांवरून माणसाविषयी निष्कर्ष काढण्यात धोका असतो. म्हणून मानवी अभ्यासांकडे पाहिले पाहिजे. त्यांतील एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच देशातील, चेन्नई येथील आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत हत्तीरोगाच्या कृमींची बाधा मधुमेह नसलेल्यांपैकी १०.४ टक्के लोकांत, तर मधुमेहावर उपचार घेत असलेल्यांपैकी केवळ ४.३ टक्के लोकांत आढळली. ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजातही अन्य एका कृमीविषयी याच धाटणीचा निष्कर्ष निघाला.

येथे विचारी माणसाला शंका आल्याखेरीज राहणार नाही. ज्याच्या पोटात कृमी, तो बहुधा गरीब, अंगमेहनत करणारा, बेताचे खाणारा. त्याला मधुमेह कमी असला तर श्रेय कृमीला द्यावयाचे की कष्टाला? दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. या शंकेचे उत्तर इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावरील एका प्रयोगाने काही अंशी दिले. तेथे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे घरांची विभागणी करण्यात आली. काही घरांना वर्षभर, दर तीन महिन्यांनी, जंतांचे औषध दिले गेले. उरलेल्यांना तशीच दिसणारी निरौषधी गोळी मिळाली. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व लोकसंख्या एकत्र धरली असता दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मात्र ज्यांच्या शरीरात खरोखर कृमी होते, त्यांच्यात औषधानंतर इन्शुलिनचा अवरोध वाढलेला आढळला. युगांडातील व्हिक्टोरिया सरोवराच्या बेटांवर याच स्वरूपाचा प्रयोग झाला, तेथे मात्र इन्शुलिनच्या बाबतीत असा फरक दिसून आला नाही.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी याहून धाडसी पाऊल उचलले. इन्शुलिनचा अवरोध असलेल्या चाळीस स्वयंसेवकांपैकी काहींच्या त्वचेतून अंकुशकृमीच्या वीस किंवा चाळीस अळ्या मोजून सोडण्यात आल्या आणि दोन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. २०२३ मधील त्यांच्या अहवालानुसार हा प्रयोग सुरक्षित ठरला. पोटाच्या तक्रारी काहींना झाल्या. आणि वीस अळ्या दिलेल्या गटात वर्षाअखेर इन्शुलिनचा अवरोध कमी झालेला दिसला. स्वयंसेवकांची संख्या लहान असल्यामुळे हा उपचार सिद्ध झाला असे कोणी म्हणत नाही. कृमी ज्या द्रव्यांच्या योगे आग शमवतो ती शोधून त्यांचे औषध करावे, हा या दिशेच्या संशोधनाचा खरा हेतू आहे.

मग गोळी द्यावी की नाही?

गतवर्षी एका सुशिक्षित पालकांनी मला विचारले, "सर, जंत असले की मधुमेह होत नाही असे वाचनात आले. मग शाळेत देतात ती गोळी मुलाला द्यावी की नको?" अर्धवट कळलेले शास्त्र किती लवकर घराघरांत पोहोचते, याचे हे उदाहरण आहे; आणि या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देणे हेच या लेखाचे प्रयोजन आहे. उत्तर असे: गोळी अवश्य द्यावी.

पहिले कारण असे की, नुकसान निश्चित आहे आणि लाभ संदिग्ध. कृमींच्या भारी बाधेने मुलाचे रक्त आटते, वाढ खुंटते, अभ्यासातील लक्ष उडते. याच्या समोर ठेवावयाचा लाभ कोणता? तर, काही प्रौढांमध्ये, काही विशिष्ट कृमींच्या बाबतीत, इन्शुलिनच्या कार्यात आढळलेला अल्पसा फरक. तोही सर्वत्र आढळलेला नाही. वाढीच्या वयात गमावलेली उंची आणि बुद्धीची टवटवी पुढे कोणते औषध परत आणणार?

दुसरे कारण कालक्रमाचे. आपल्या देशातील मधुमेहाची वाढ या गोळीमुळे झाली, असे काही जणांना वाटते. राष्ट्रीय जंतनाशक दिन भारतात २०१५ पासून सुरू झाला. दरवर्षी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या दिवशी एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देण्याची ही योजना आहे. परंतु १९७२ ते १९७५ या काळात आयुर्विज्ञान परिषदेनेच केलेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण शहरांत २.१ आणि खेड्यांत १.५ टक्के होते. तेव्हाच्या आणि आताच्या मोजण्याच्या पद्धती एक नाहीत. तरीही वाढीचा ओघ गोळीच्या कितीतरी आधी सुरू झालेला होता, हे उघड आहे. त्या वाढीची कारणे आपल्या ताटात, आपल्या वाहनांत आणि आपल्या खुर्च्यांत शोधावी लागतील.

तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते. कृमी जे काम करतो, ते कृमीवाचून करता येते. रोज चालणाऱ्या माणसाचे स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता साखर उचलतात. वजन घटले की मेदातील पहारेकरी शांत होतात आणि आग विझू लागते. कृमी आपल्या पानातील घास पळवून आपले वजन आवरतो. तोच घास आपण स्वेच्छेने कमी वाढून घेतला तर रक्त आपल्याच अंगात राहते. त्याच्याकडून घेण्याजोगा धडा हा एवढाच.

अर्थात या विषयाने पालकांवर आणि शिक्षकांवर एक नवी जबाबदारी टाकली आहे, तीही सांगितली पाहिजे. जंत पडून गेल्यावर मुलाची भूक खुलते आणि खाल्लेले अंगी लागते. त्या भुकेपुढे आपण काय ठेवतो? डाळ, उसळ, मासे, पालेभाजी, नाचणीचे सत्त्व ठेवले तर मूल वाढेल. बिस्किटे, गोड पेये आणि तळलेल्या पदार्थांची पाकिटे ठेवली, तर आपण मुलाला एका व्याधीतून सोडवून दुसरीच्या हाती सोपवू. जंतमुक्ती आणि आहारशिक्षण या गोष्टी शाळेत वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांकडून न होता बरोबरीने व्हाव्यात, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते.

"गोड खाऊ नको, जंत होतील" असे आपल्या आज्या सांगत आल्या. जंत गोडाने होत नाहीत; ते मातीतील अंड्यांनी होतात. पण गोड कमी खा, हा उपदेश मात्र आता दुसऱ्याच कारणाने खरा ठरला आहे.

उपाय आणि कारण

चरकाने कृमींवर तीन उपाय सांगितले आहेत: अपकर्षण, म्हणजे कृमी बाहेर काढणे, प्रकृतिविघात, म्हणजे ज्या परिस्थितीत ते पोसतात तीच मोडून टाकणे, आणि निदानपरिवर्जन, म्हणजे मूळ कारणच टाळणे. गोळी ही पहिल्या उपायात येते. ती घेतल्यावर जुने कृमी जातात, पण नव्यांना ती अडवू शकत नाही. पायांत चप्पल, घरोघर वापरात असलेला संडास, जेवणापूर्वी साबणाने धुतलेले हात, कापलेली नखे आणि धुऊन घेतलेली भाजी हा तिसरा उपाय. मधुमेहालाही हेच सूत्र लागू पडते. साखर उतरवणारी औषधे हे अपकर्षण. परंतु निदानपरिवर्जन हे ज्याने त्याने आपल्या घरीच करावयाचे असते.

ते शक्य आहे का, अशी शंका कोणी घेईल. त्यासाठी नारूचे उदाहरण पुरेसे आहे. पायऱ्यांच्या विहिरींतील पाण्यावाटे पसरणारा आणि हातभर लांबीचा दोरा होऊन पायातून बाहेर पडणारा हा कृमी एके काळी देशाच्या फार मोठ्या भागात माणसांना महिनोन्महिने अंथरुणाला खिळवीत असे. त्यावर लस नव्हती, गुणकारी औषधही नव्हते. पाणी फडक्यातून गाळून प्यावे, रोग्याला विहिरीत उतरू देऊ नये, पायऱ्यांच्या विहिरींची सुधारणा करावी, अशा साध्या उपायांनी लोकांनी त्याला हटवले. १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानात भारतातील अखेरचा रुग्ण आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. आजच्या विद्यार्थ्याला 'नारू' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागतो. 'जंत' या शब्दावरही आपल्या नातवंडांच्या पिढीत तीच वेळ यावी, आणि त्याची रिकामी झालेली जागा मधुमेहाला मिळू नये, यासाठी वर्गातील शिक्षकाने आणि स्वयंपाकघरातील मातापित्यांनी मिळून झटले पाहिजे.